जेएच७११० चिपवरचा रिस्क-फाइव्ह बोर्ड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

नागपूर शहरातील आणि आसपासच्या काही वाचनालयांतील जुन्या संगणकांसाठी मी आणि माझे दोन सहकारी एक आटोपशीर लिनक्स वितरण (लिनक्स ही कार्यप्रणाली आणि तिच्यावरचे प्रोग्राम यांचा संच) सांभाळतो. त्यातील सव्वातीनशेच्या आसपास पॅकेजेस आम्ही स्वतः मूळ सोर्स कोडपासून बांधतो आणि आजवर ती केवळ एक्स८६ जातीच्या, म्हणजे नेहमीच्या पीसी-लॅपटॉपमधल्या, प्रोसेसरवर चालत आली. हेच वितरण कमी विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येईल का, हे पाहण्यासाठी फेब्रुवारीत आम्ही जेएच७११० या चिपवरचा एक रिस्क-फाइव्ह (प्रोसेसरची एक खुली जात) बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवरचा छोटा संगणक, विकत घेतला. ही चिप निरनिराळ्या नावांच्या बोर्डांवर येते, आणि येथे लिहिलेले बहुतेक सारे चिपबद्दलचे व तिच्यासाठी कंपाइल करण्याबद्दलचे (सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याबद्दलचे) असल्यामुळे बोर्डाचे नाव देण्यात फारसा अर्थ नाही. घरी चित्रपट पाहण्यासाठी किंवा मुलांना खेळ खेळू देण्यासाठी बोर्ड शोधणाऱ्यांनी हे परीक्षण येथेच सोडले तरी त्यांचे काही नुकसान होणार नाही.

चिपमध्ये सायफाइव्ह यू७४ जातीचे चार कोअर असून ते १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालतात. आमच्या बोर्डावर ८ जीबी रॅम आणि एम.२ ची एसएसडी लावण्याची जागा आहे. सूचनासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी) आरव्ही६४जीसी हा आहे, त्यात व्हेक्टर सूचना (एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणाऱ्या) नाहीत. रोजच्या वापरात हा बोर्ड संथ वाटतो आणि ते लपवण्यात अर्थ नाही: जीसीसी हा कंपाइलर स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो, तशी संपूर्ण बांधणी आम्ही संध्याकाळी सुरू केली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण होईपर्यंत चालली होती. तरीही वेगावरून या बोर्डाला नापास करणे मला अन्यायाचे वाटते, कारण मोठी बांधणी क्रॉस-कंपायलरने (एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी प्रोग्राम बांधणाऱ्या कंपायलरने) एक्स८६ च्या लॅपटॉपवर करता येते. बोर्ड लागतो तो बांधलेले खरोखर चालते की नाही याची साक्ष काढण्यासाठी.

येथे कोणीही विचारील की लॅपटॉपवर क्यूईएमयू (दुसऱ्या जातीच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) असताना साक्षीसाठी तरी बोर्ड कशाला हवा? खरेदीपूर्वी माझाही हाच प्रश्न होता आणि पहिले दोन महिने आम्ही क्यूईएमयूवरच काढले. आता माझे मत असे झाले आहे की क्यूईएमयू हा फार सभ्य साक्षीदार आहे, तो यजमानाला दुखवत नाही. एक्स८६ यंत्रावर रिस्क-फाइव्हचा प्रोग्राम चालवताना मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम अखेर एक्स८६ च्या कडक नियमांनुसारच पाळला जातो. त्यामुळे ज्या प्रोग्रामने दोन थ्रेडमधील (एकाच वेळी चालणाऱ्या दोन भागांतील) देवाणघेवाण नुसत्या 'व्होलाटाइल' या सी भाषेतील शब्दाच्या (जो मेमरीचा क्रम राखत नाही) भरवशावर सोडली आहे, तो तेथे निर्धास्त चालतो आणि शिथिल क्रमाच्या खऱ्या रिस्क-फाइव्ह चिपवर मात्र कधीतरी अडखळतो. आमच्याकडील छपाईची रांग सांभाळणारा एक जुना प्रोग्राम नेमका असाच निघाला. क्यूईएमयूवर तो हजार वेळा चालला आणि बोर्डावर पहिल्याच दिवशी अडकून बसला. कंपायलरचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

कंपायलरला दोष देण्याचा मोह या कामात पदोपदी होतो. स्क्रीनवर शेवटची ओळ त्याची असते, म्हणून वड्याचे तेल वांग्यावर निघते. आमच्या नोंदवहीत पहिल्या महिन्यात 'कंपायलरची चूक' म्हणून बावीस तक्रारी लिहिल्या गेल्या होत्या. नंतर एकेक तपासत गेलो तेव्हा त्यांतील एकही तशी निघाली नाही.

पहिली तक्रार अगदी सुरुवातीची होती. क्रॉस-कंपायलर बांधण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी बायन्युटिल्स (असेंब्लर, तुकडे जोडणारा लिंकर वगैरे साधने), मग कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर, मग सी लायब्ररीविना चालणारा अर्धामुर्धा जीसीसी, मग जीलिबसी (ही सी लायब्ररी), आणि शेवटी पूर्ण जीसीसी. हा क्रम पाळून पहिला लहानसा प्रोग्राम बांधला, बोर्डावर नेला आणि चालवला, तर उत्तर आले की अशी फाइल अस्तित्वात नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. खरे पाहता नसलेली फाइल ती नव्हतीच. प्रोग्राम सुरू करून देणारा जो लोडर लागतो, त्याचा पत्ता प्रोग्रामच्या पोटात लिहिलेला असतो आणि तो पत्ता 'एलडी-लिनक्स-रिस्कव्ही६४-एलपी६४डी' या नावाच्या फाइलचा होता. रिस्क-फाइव्हसाठी जीलिबसी आपल्या लायब्ररी 'लिब६४'च्या आत 'एलपी६४डी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आमच्या पॅकेज बांधणाऱ्या स्क्रिप्टने एक्स८६ च्या सवयीने सगळे काही 'लिब'मध्ये सपाट ओतले होते आणि त्या गडबडीत लोडरची लिंक तुटली होती. 'रीडएल्फ' या साधनाने हा पत्ता दहा सेकंदांत वाचता येतो, पण ते सुचायला आम्हाला दीड दिवस लागला.

जुन्या पॅकेजेसच्या कॉन्फिगर स्क्रिप्टांबद्दल (बांधणीआधी यंत्राची तपासणी करणाऱ्या) थोडक्यात सांगतो, कारण त्यावरचा उपाय सोपा आहे. यंत्राची जात ओळखणाऱ्या 'कॉन्फिग.गेस' आणि 'कॉन्फिग.सब' या दोन फाइली पॅकेजसोबतच येतात, आणि रिस्क-फाइव्ह प्रचारात येण्यापूर्वीच्या पॅकेजमध्ये त्या या जातीला ओळखतच नाहीत. त्या दोन फाइली नव्या आणून ठेवल्या की काम पुढे सरकते. 'एम६४' हा ६४-बिट कोड मागणारा पर्याय रिस्क-फाइव्हचा जीसीसी स्वीकारत नाही, तो मेकफाइलमधून (बांधणीच्या आज्ञांच्या फाइलीतून) काढून टाकावा लागतो. लिंकर 'विसंगत फाइल वगळत आहे' असे म्हणू लागला, तर पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारे साधन) लॅपटॉपच्या स्वतःच्या लायब्ररींचा पत्ता देत आहे असे खुशाल समजावे आणि त्याला सिसरूटचा (बोर्डासाठीच्या लायब्ररी ठेवलेल्या फोल्डरचा) पत्ता द्यावा. मऊ-फ्लोट आणि दुहेरी-फ्लोट मॉड्यूल एकत्र जोडता येत नाहीत अशी तक्रार आली, तर कुठलीतरी एक लायब्ररी 'एलपी६४' या एबीआयने (फंक्शनांमध्ये मूल्ये देण्याघेण्याच्या ठरावाने) बांधली गेलेली असते.

बूटसाठी लागणारा फर्मवेअर कोड आम्ही थोडा जुना घेतला होता. त्याच्या मेकफाइलमध्ये 'आरव्ही६४आयएमएसी' असा सूचनासंच लिहिलेला होता आणि असेंब्लर म्हणत होता की या सूचनेसाठी 'झिसीएसआर' हे विस्तारपद हवे. आमच्या लहान सहकाऱ्याने चिपच सदोष असल्याचा निष्कर्ष काढून विक्रेत्याला पत्र लिहायलाही घेतले होते. वस्तुतः २०२२ च्या बायन्युटिल्स २.३८ आणि जीसीसी १२ पासून रिस्क-फाइव्हच्या नव्या विनिर्देशाचा मूळ अर्थ धरला जातो आणि त्यात या सूचना पायाभूत संचातून वेगळ्या काढलेल्या आहेत. मेकफाइलमध्ये 'झिसीएसआर' आणि 'झिफेन्सआय' ही दोन नावे जोडली आणि पत्र फाडून टाकले.

आमचा सर्वांत मोठा घोटाळा मात्र रिस्क-फाइव्हशी संबंधितच नव्हता. एक्स८६ वर आम्ही जीसीसी ११ वापरत होतो आणि बोर्डासाठी उत्साहाने थेट जीसीसी १४ घेतला. २०२४ च्या या आवृत्तीपासून घोषित न केलेले फंक्शन वापरणे, पॉइंटर (मेमरीतील पत्ता) आणि पूर्णांक यांची सरमिसळ करणे यांसारख्या गोष्टी नुसत्या इशाऱ्यावर न थांबता थेट चुका ठरू लागल्या आहेत. पॅकेज तेथेच थांबले तर निदान कळते तरी. फसवणूक होते ती कॉन्फिगर स्क्रिप्टच्या पोटात. पूर्वीच्या काळच्या स्क्रिप्ट एखादे फंक्शन उपलब्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी चार ओळींचा चाचणी-प्रोग्राम लिहितात आणि त्यात 'मेन'च्या आधी 'इंट' लिहिण्याचेही कष्ट घेत नाहीत. जीसीसी १४ तो प्रोग्राम नाकारतो, स्क्रिप्ट समजते की फंक्शनच नाही, आणि मग पॅकेज एक अपंग पर्याय निवडून निमूटपणे पूर्ण बांधले जाते. आमचे फाइल-दप्तर दाबून लहान करून ठेवणारे एक साधन असेच बांधले गेले, आणि २ जीबीपेक्षा मोठ्या फाइलसमोर ते हात टेकत असे. आम्ही चार दिवस चिपच्या मेमरी-व्यवस्थेत दोष शोधत होतो. शेवटी 'कॉन्फिग.लॉग' (त्या चाचण्यांची नोंद) उघडला आणि तेथे चाचणीच्या जागी लाल अक्षरांत नव्हे, साध्या काळ्या अक्षरांत सारे लिहिलेले सापडले. त्यानंतर आम्ही जीसीसी १४ आधी एक्स८६ वरच बसवला आणि सगळी पॅकेजेस तेथे पुन्हा बांधली. एकोणीस पॅकेजेस तेथेही तशीच मोडली. प्रोसेसर आणि कंपायलरची आवृत्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या नसत्या, तर मार्च महिना वाचला असता.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण नागपुरात राहून हा बोर्ड वापरणाऱ्याला हे कळायला हवे. एप्रिलअखेरीस पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला आणि कंपायलर स्वतःच कोसळू लागला. 'इंटर्नल कंपायलर एरर', सेगमेंटेशन फॉल्ट, असे संदेश दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान हमखास येत. कधी एका फाइलवर, कधी दुसऱ्या. असा संदेश आल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: तीच आज्ञा पुन्हा दिली तर तो तेथेच कोसळतो का? तेथेच कोसळला तर कंपायलरच्या दोषाची शंका घेण्यास जागा आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी कोसळत असेल तर रॅम, वीज किंवा उष्णता यांच्याकडे पाहावे. जीसीसी स्वतःही तीच आज्ञा पुन्हा चालवून पाहतो आणि चूक पुन्हा घडली नाही तर ती बहुधा हार्डवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची असावी असे लिहूनही दाखवतो. आम्ही ती ओळ वाचायची सोडून तिच्या वरचा लांबलचक मजकूर वाचत होतो. चिपचे तापमान पाहिले तर ते ८० अंशांच्या पुढे. सहकारी म्हणाला, "ह्याले ऊन लागलं वाटते, सर. बाजूला कांदा ठेवून पाहू का?"

कांद्याऐवजी सीताबर्डीहून आणलेला लहान पंखा आणि हीटसिंक लावला. कोसळणे कमी झाले, थांबले नाही. उरलेला दोष अडॅप्टरचा निघाला. ५ व्होल्ट ३ अँपिअर असे त्याच्यावर छापलेले होते, पण चारही कोअर आणि एसएसडी एकदम कामाला लागले की व्होल्टेज खाली बसत असे. दुकानदाराने तो बदलून देण्यास नकार दिला. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण बिल न घेण्याची चूक माझी होती. चांगला अडॅप्टर लावल्यावर जीसीसीची तीन टप्प्यांची बांधणी पुन्हा केली. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि एका बाइटचाही फरक निघाला तर बांधणी नाकारली जाते. नवतपाच्या ऐन दुपारी ती तुलना निर्वेध पार पडली तेव्हा बोर्डाबद्दलची माझी तक्रार संपली. खोलीत डेझर्ट कूलर लावणाऱ्यांनी बोर्ड त्याच्या थेट झोतात ठेवू नये, एवढे मात्र सांगतो. दमट हवेने आमच्या एसडी कार्डाच्या खाचेत हिरवट पुटे धरली होती.

एक कोसळणे याहून वेगळे आहे आणि ते ओळखणे सोपे आहे. सी-प्लस-प्लसचे मोठे पॅकेज चार समांतर कामांनी बांधताना 'किल्ड' एवढा एकच शब्द येऊन बांधणी थांबते, तेव्हा कर्नलने रॅम संपल्यामुळे कंपायलरला मारलेले असते. कर्नलची नोंद पाहावी, स्वॅप (रॅमऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवावी, समांतर कामे दोनावर आणावीत. ८ जीबीलाही हे होते, मग २ किंवा ४ जीबीचा बोर्ड या कामासाठी घेणे म्हणजे पैसे वाचवून वेळ घालवणे आहे.

माझ्या दृष्टीने बोर्डाची किंमत ज्या एका दोषाने वसूल झाली तो आमच्या स्वतःच्या कोडमध्ये आठ वर्षे दडून होता. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या पट्ट्या छापणारा एक छोटा सी प्रोग्राम मी लिहिला आहे. शीर्षक लांब असेल तर तो ते ठरावीक बाइटांवर तोडतो, आणि तोडताना देवनागरी अक्षर मधोमध कापले जाऊ नये म्हणून मागे सरकतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) तीन बाइट घेते आणि त्या तिन्ही बाइटांचा सर्वांत वरचा बिट चढलेला असतो. एक्स८६ वर जीसीसी 'कॅरेक्टर' हा एका बाइटाचा प्रकार चिन्हयुक्त (ऋण संख्याही धरणारा) मानतो, म्हणून असा बाइट ऋण संख्या म्हणून वाचला जातो, आणि मी साधी सोपी अट लिहिली होती: बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर तो देवनागरी. रिस्क-फाइव्हवर हाच प्रकार चिन्हरहित आहे. तेथे 'म' या अक्षराचा पहिला बाइट उणे ३२ न राहता २२४ होतो, अट कधीच खरी होत नाही, आणि कंपायलर तो संपूर्ण भाग निरुपयोगी समजून काढून टाकतो. बोर्डावरून छापलेल्या पहिल्या तीस पट्ट्यांपैकी अकरा पट्ट्यांच्या शेवटी अक्षराऐवजी प्रश्नचिन्हाचा चौकोन होता. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी त्या पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या आणि शांतपणे विचारले, "तुमच्या नव्या यंत्राला मराठी येत नाही का?"

या प्रकारच्या चुकीबद्दल जीसीसी इशारा देतो, पण 'वॉल' या पर्यायात तो येत नाही, 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' लावावे लागते. तुलना नेहमीच असत्य ठरेल, असे तो स्पष्ट सांगतो. उपाय दोन आहेत. बांधताना 'साइन्ड-चार'चा पर्याय देऊन जुने वर्तन परत आणता येते. दुसऱ्यांच्या चार पॅकेजेसमध्ये आम्ही तसे केले. स्वतःच्या कोडमध्ये मात्र बाइट उघडपणे चिन्हरहित घेऊन वरचा बिट तपासला. फाइल संपल्याची खूण उणे एक असते, म्हणून फाइल संपेपर्यंत एकेक अक्षर वाचणारी चक्रे याच कारणाने अनंत फिरू लागतात, तीही आम्हाला दोन ठिकाणी सापडली. ज्यांना बोर्ड घेण्याआधीच असे दोष शोधायचे असतील त्यांनी आपले वितरण एक्स८६ वरच 'अनसाइन्ड-चार' लावून एकदा बांधून पाहावे. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि ही युक्ती मला उशिरा सुचली याचे वाईट वाटते.

वेगाबद्दल आणखी एक बारकावा आहे. चार बाइटांची संख्या चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचली तर एक्स८६ ला फारसा फरक पडत नाही. यू७४ कोअर ते काम स्वतः करत नाही. तो अपवाद उठवतो आणि फर्मवेअर ते वाचन बाइट-बाइट करून देते. उत्तर बरोबर येते, म्हणून चाचण्या पास होतात, फक्त तो भाग रांगत चालतो. आमचे एक चेकसम-साधन (फाइल बिघडली की नाही ते तपासणारे) असे रांगत होते. पॉइंटर जबरदस्तीने बदलण्याऐवजी 'मेमकॉपी' वापरल्यावर ते सुधारले. पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स८६ प्रोग्राम पाडतो, रिस्क-फाइव्ह मात्र उणे एक असे उत्तर देऊन पुढे जातो. विलंबशुल्काच्या हिशेबात त्याने एका वाचकाला एक रुपया परत देऊ केला होता.

नवख्याला आज या बोर्डासाठी एवढे सारे करण्याची सक्ती नाही. कर्नलला रिस्क-फाइव्हचा आधार २०१८ च्या ४.१५ पासून आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह प्रथमच अधिकृत जातींच्या यादीत आले, त्यामुळे बहुतेक पॅकेजेसच्या दुरुस्त्या तेथे तयार सापडतात; आम्हीही आमच्या निम्म्या अडचणींची उत्तरे तेथील पॅचमधूनच उचलली. मात्र जुन्या टिपणांवर डोळे मिटून विसंबू नये. 'लॅटॉमिक' (अणुक्रियांची लायब्ररी जोडणारा पर्याय) जोडा हा सल्ला सर्वत्र आढळतो. एका बाइटाच्या अणुक्रियांसाठी (मध्येच तुटू न शकणाऱ्या वाचन-लेखनासाठी) तो पूर्वी आवश्यक होता, जीसीसी १४ त्या क्रिया स्वतःच जागेवर लिहितो, आणि आम्ही तो पर्याय साठ पॅकेजेसमध्ये विनाकारण भरून ठेवला होता.

सध्या सव्वातीनशेपैकी अकरा पॅकेजेस बोर्डावर चालत नाहीत आणि त्यांतील सात एसएसई (फक्त एक्स८६ वर असणाऱ्या) सूचनांमध्ये हाताने लिहिलेली असल्यामुळे त्यांचा नाद आम्ही सोडला आहे. बोर्ड एका वाचनालयात पुस्तकसूची दाखवण्याचे काम करतो. असाच दुसरा घ्यावा का, असे विचाराल तर शिकण्यासाठी आणि आपले वितरण तपासण्यासाठी मी होकार देईन, अट एवढीच की ८ जीबीचा घ्यावा, हीटसिंक त्याच दिवशी घ्यावा आणि अडॅप्टरचे बिल मागून घ्यावे. दहा वाचनालयांसाठी दहा बोर्ड घ्यायचे असतील तर थांबावे: उबुंटूने २५.१० पासून रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए२३ ही किमान पातळी धरली आहे, तिच्यात व्हेक्टर सूचना अनिवार्य आहेत आणि जेएच७११० मध्ये त्या नाहीत. आम्ही स्वतः उरलेल्या नऊ वाचनालयांसाठी त्या पातळीच्या चिपची वाट पाहत आहोत.